स्कॉटलंडला पोचलात त्या दिवशी गाडी किती चालवायची?

"दिवस पहिला : एडिनबराला उतरणे, गाडी ताब्यात घेणे, ग्लेन्कोमार्गे स्काय. मुक्काम पोर्ट्री."

स्कॉटलंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचं ठरवलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मंडळींच्या बेताची पहिली ओळ अशी असते. ग्लेन्को ही हायलँड्स या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली दरी, स्काय हे पश्चिमेचं बेट आणि पोर्ट्री त्यावरचं मुख्य गाव. नकाशावर यात काही वावगं दिसत नाही. अंतर सव्वादोनशे मैलांच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरहून थोडं जास्त. वेळ साडेपाच तास. मुंबईहून पहाटे निघून संध्याकाळी गोव्यात जेवणाऱ्यांना यात घाबरण्यासारखं काय वाटणार? शिवाय तिथे गाडी डावीकडूनच चालते, स्टिअरिंगही उजवीकडेच. अमेरिकन माणसाला जे नव्याने शिकावं लागतं ते आपल्याला आयतं येतं.

अडचण अंतराची नाहीच, घड्याळाची आहे. पोचण्याच्या दिवसाचा हिशेब विमान उतरल्यापासून पुढे मोजत जायचा नसतो. आपल्या शरीराची झोपायची वेळ कधी येते ते पाहून तिथून मागे यायचं असतं.

आकडेच मांडू. मुंबईहून स्कॉटलंडला थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा लंडन असं कुठेतरी बदलावं लागतं. आखाताकडे जाणारी बरीच विमानं पहाटे तीन-चारच्या सुमाराला सुटतात. समजा तुमचं विमान पहाटे चारला आहे. म्हणजे रात्री बाराच्या आसपास विमानतळ गाठायचा. त्याआधीचा दिवस बॅगा भरण्यात, वजन करण्यात आणि फोनवर निरोप घेण्यात गेलेला. आदल्या सकाळी सातला उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला एडिनबराला उतरतो. उन्हाळ्यात भारत ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे त्याच्या शरीराच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. अंथरुणातून उठल्याला चौतीस तास झाले. मधे खुर्चीत मान वाकडी करून काढलेल्या डुलक्या, तेवढीच झोप.

गाडी हातात येईपर्यंत अडीच. भारतात सात. तिथून स्कायला निघालं, वाटेत दोनदा थांबलं, की पोर्ट्रीला पोचायला नऊ ते साडेनऊ. म्हणजे भारतातली रात्रीची दीड-दोनची वेळ. जूनमध्ये तिथे त्या वेळीही लख्ख उजेड असतो, सूर्य मावळतो दहाच्या सुमाराला. हा उजेड फसवतो. बाहेर दिवस दिसतो म्हणून डोळे उघडे राहतात, पण मेंदू आतून दिवे मालवायला लागलेला असतो. या अवस्थेत माणसाला आपण दमलोय हेही धड कळत नाही. नजर रस्त्यावर असते आणि मागचे दोन मैल कसे गेले ते आठवत नाही.

ब्रिटनच्या 'हायवे कोड' या वाहतूक नियमावलीत सल्ला स्पष्ट आहे : दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटांची विश्रांती. झोप यायला लागली तर सुरक्षित जागी गाडी उभी करायची, कॉफीचे दोन कप घ्यायचे आणि निदान पंधरा मिनिटं डुलकी काढायची. खिडकी उघडून गार वारा घेणं किंवा गाणी मोठ्याने लावणं हा उपाय नव्हे. आणि हा सल्ला रात्री नीट झोपलेल्या माणसांना धरून आहे. रात्रभर विमानात बसून आलेल्यासाठी माझा हिशेब आणखी कडक असतो : पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर एकूण दीड तास, फार तर पावणेदोन, आणि भारतात रात्रीचे साडेदहा वाजायच्या आत गाडी बंद. उन्हाळ्यात म्हणजे तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत.

उतरल्यापासून चावी मिळेपर्यंत

साडेबाराला उतरलो तर एकला रस्त्यावर असू, असं कागदावर लिहिणारे पुष्कळ. तसं होत नाही. तिथे विमानतळावर काही देशांच्या पासपोर्टांसाठी स्वयंचलित फाटकं आहेत, भारतीय पासपोर्टला ती चालत नाहीत. अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. लंडनमार्गे गेलात तर ही रांग लंडनलाच लागते, म्हणून तिथे पुढच्या विमानासाठी दीड तासाचं अंतर ठेवणं धाडसाचं. मग बॅगा, मग भाड्याच्या गाडीचा काउंटर. काही कंपन्यांची कार्यालयं विमानतळाच्या आवाराबाहेर असतात आणि तिथवर शटल बसने जावं लागतं. स्वस्त दिसणारं बुकिंग बहुतेकदा इथेच स्वस्त झालेलं असतं. विमान उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत दोन तास धरा. लवकर झालं तर एक चहा जास्त.

काउंटरवर काय लागतं? ड्रायव्हिंग लायसन्सचं मूळ कार्ड. फोनमधली प्रत दाखवून भागत नाही. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. कायद्याने एवढं पुरतं, तरी आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असलेला बरा. काही कंपन्या तो मागतात, आणि लायसन्स जुनं किंवा पुसट झालेलं असेल तर वाद टळतो. तो लायसन्सच्या जोडीनेच चालतो, एकटा नाही.

खरी गाठ पडते ती क्रेडिट कार्डाशी. गाडीची अनामत म्हणून काही शे पौंड, कधी त्याहून बरेच जास्त, कार्डावर अडकवून ठेवतात. ते कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं असावं लागतं. आपण प्रवासासाठी घेतलेलं फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं आणि बऱ्याच कंपन्या अनामतीसाठी ते घेत नाहीत. नवऱ्याच्या नावावर गाडी आणि बायकोच्या नावावर कार्ड, हेही चालत नाही. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेले आहेत का, मर्यादा पुरेशी आहे का, चार आकडी पिन आठवतो का, हे घरी असतानाच पाहायचं. काउंटरसमोर उभं राहून बँकेचं ॲप उघडलं आणि ओटीपी भारतातल्या बंद सिमवर गेला, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

विम्यात एकच शब्द नीट कळला तरी पुरे : 'एक्सेस'. गाडीला काही झालं तर खर्चाचा पहिला इतका भाग तुमचा, उरलेला विमा कंपनीचा. हा 'इतका भाग' हजार पौंडांच्या पुढेही असू शकतो. तो कमी किंवा शून्य करण्यासाठी काउंटरवर जास्तीचं पॅकेज विकायला बघतात, आणि चौतीस तास जागा असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. घ्यायचं की नाही ते निघायच्या आठवडाभर आधी ठरवा आणि तिथे तेवढंच बोला. मी स्वतः घ्या म्हणेन. तिथल्या अरुंद रस्त्यांवर टायर आणि रिम कडेच्या दगडाला घासणं फार सोपं आहे. मात्र टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग त्या पॅकेजमध्ये धरलाय का, तेवढं विचारा.

गाडी ताब्यात घेतल्यावर भोवती एक चक्कर मारून फोनवर व्हिडिओ काढायचा. चारही रिम जवळून, पुढची काच, दोन्ही बंपर, इंधनाचा काटा. पाऊस पडत असेल, आणि बहुधा पडतच असेल, तर ओल्या पत्र्यावरचे ओरखडे दिसत नाहीत. हाताने पाणी पुसून बघा. मग सीट, आरसे, वायपर, दिवे आणि मागच्या काचेची वाफ घालवायचं बटण बघून घ्या. हे सगळं गाडी उभी असतानाच. मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, पहिली सर आल्यावर वायपर शोधत बसायचं नाही.

बुकिंग करतानाच्या दोन गोष्टी. उड्डाणाचा क्रमांक द्या, म्हणजे विमान उशिरा आलं तर काउंटरवाल्यांना कळतं. आणि डिकीचा विचार करा. चार माणसं आणि चार मोठ्या कडक बॅगा 'कॉम्पॅक्ट' गाडीत मावत नाहीत. उरलेली बॅग मागच्या सीटवर दोघांच्या मधे येते आणि आरशातून मागचं दिसेनासं होतं. मुलं बारा वर्षांची किंवा १३५ सेंटीमीटर उंचीची होईपर्यंत त्यांना योग्य चाइल्ड सीट लागते. मांडीवर घेऊन बसणं तिथे बेकायदा आहे. आपण गिअरच्या गाडीला सरावलेले असलो तरी पहिल्या दिवसाचा विचार करून ऑटोमॅटिक घ्या, डोक्याचं एक काम कमी होतं. पण सगळ्यांत स्वस्त ऑटोमॅटिक कधीकधी विजेवर चालणारी निघते. चार्जिंगची सवय नसेल तर ती पोचण्याच्या दिवशी नको.

डावी बाजू तीच, सवयी वेगळ्या

रस्त्याची बाजू तीच असल्यामुळे आपला माणूस निर्धास्त होतो. धोका नेमका तिथे आहे, कारण हात आणि पाय भारतातल्या सवयीने काम करायला लागतात.

डिपरचंच घ्या. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर त्याचा अर्थ "मी येतोय, थांब". तिकडे नियमावलीप्रमाणे डिपरचा अर्थ फक्त "मी इथे आहे" एवढाच, पण व्यवहारात लोक तो "तुम्ही जा, मी थांबतो" म्हणून मारतात. म्हणजे दोन्हीकडचा अर्थ नेमका उलटा. अरुंद पुलाच्या एका टोकाला तुम्ही 'मी येतोय' म्हणून डिपर मारलात, तर समोरचा आभाराचा हात दाखवत निघालाच समजा. पहिल्या दिवशी डिपर मारूच नका. समोरच्याने मारला तर रस्ता खरंच मोकळा आहे का ते स्वतः पाहा.

दुसरं, 'फ्री लेफ्ट' नावाचा प्रकार तिथे नाही. सिग्नल लाल म्हणजे डावीकडे वळणाऱ्यालाही लाल. झेब्रा पट्ट्यावर पादचारी आला की थांबायचं, तो घाबरून मागे सरेल ही अपेक्षा ठेवायची नाही. हॉर्न जवळजवळ कोणी वाजवत नाही, वाजवला तर ती शिवी समजतात.

सर्कल, म्हणजे राउंडअबाउट, विमानतळातून बाहेर पडल्यावर लगेच भेटतं. नियम साधा आहे : उजवीकडून जो सर्कलमध्ये आहे तो आधी. आत शिरताना नाक घालायचं नाही, फट मिळेपर्यंत पांढऱ्या रेषेवर थांबायचं. डावीकडे किंवा बहुधा सरळ जायचं तर डावी लेन, उजवीकडे जायचं तर उजवी. मोठ्या सर्कलमध्ये लेनवर रस्त्याचा क्रमांक रंगवलेला असतो. बाहेर पडायची वाट चुकली तर शांतपणे आणखी एक फेरी मारायची. ऐनवेळी लेन कापायची नाही. अपघात त्यातूनच होतात.

वेग मैलांत. वस्तीत ३० किंवा बऱ्याच ठिकाणी २०, साध्या दुहेरी रस्त्यावर ६०, मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ७०. ताशी साठ मैल म्हणजे जवळपास ९७ किलोमीटर, आणि हायलँड्समधल्या वळणांवर ही मर्यादा असते, लक्ष्य नव्हे. पर्थहून इन्व्हरनेसला जाणाऱ्या ए-९ रस्त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर तुम्ही किती वेळात कापलंत यावरून ते वेग काढतात, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायची युक्ती फुकट जाते. याच रस्त्यावर दुभाजक नसलेले आणि असलेले पट्टे आलटून पालटून येतात. थकलेल्या माणसाला आपण कुठल्या पट्ट्यात आहोत याचा विसर पडतो आणि तो भलत्या ठिकाणी ओव्हरटेक करतो.

आणि 'सिंगल ट्रॅक' रस्ते. एकाच गाडीपुरता डांबरी पट्टा, मधूनमधून बाजूला फुगवटे, त्यांना 'पासिंग प्लेस' म्हणतात. कोकणातल्या आतल्या रस्त्यावर समोरून एसटी आली की आपण करतो तसंच, फक्त अंदाजाऐवजी नियमाने. फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं. उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर आपल्या बाजूला थांबायचं, समोरचा त्यात शिरून तुम्हाला वळसा घालतो. मागे गाडी साचली तर तिलाही पुढे जाऊ द्यायचं. फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही. याला दूरवर नजर लागते, आणि ती पहिल्या दिवशी नसते. म्हणून पहिला मुक्काम निवडताना शेवटचे काही मैल सिंगल ट्रॅक तर नाहीत ना, एवढं नकाशावर मोठं करून बघाच.

मग मुक्काम कुठे?

सहलीत एडिनबरा असेल तर सगळ्यांत शहाणा बेत म्हणजे त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही. विमानतळापासून ट्राम थेट शहरात जाते, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. दोन रात्री शहरात काढा, पायी फिरा आणि निघायच्या सकाळी ट्रामने परत विमानतळावर येऊन गाडी घ्या. दोन दिवसांचं भाडं वाचतं, शहरातलं महागडं पार्किंग वाचतं. विमानतळ शहराच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथून उत्तरेची वाट धरताना शहरात शिरावंही लागत नाही.

तरीही त्याच दिवशी निघायचंच असेल तर एडिनबराहून स्टर्लिंग. तीस मैल, पाऊण तास, जवळपास सगळा मोटरवे. वाटेत फॉल्कर्कजवळ केल्पीज ही तीस मीटर उंचीची पोलादी घोड्यांची डोकी आहेत. पाय मोकळे करायला याहून सोयीची जागा नाही. त्याहून जवळ हवं असेल तर साउथ क्वीन्सफेरी, विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटं. खोलीत बॅगा टाकून फोर्थच्या खाडीवरचा १८९० चा लाल रेल्वेपूल बघायचा, पायी. उत्तरेला जायचं असेल तर डंकेल्ड किंवा पिट्लॉक्री. पिट्लॉक्रीला दीड तास लागतो, ती माझी शेवटची हद्द. ग्लासगोला उतरणाऱ्यांनी लॉमंड सरोवराकाठचं लस गाठावं. अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. मात्र त्याच दिवशी पुढे जाऊ नये. टार्बेट गावाच्या उत्तरेला ए-८२ रस्ता एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला पाणी असा चिंचोळा होतो आणि समोरून टुरिस्ट बस येते.

गाडी दोघं चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारात घाला, दोघांनीही लायसन्स दाखवा. पहिल्या दिवशी कोण बसणार ते मुंबईत ठरवू नका. विमानात ज्याला झोप लागली तो बसेल. यात मानापमान आणू नये. घरच्या बाईला जास्त झोप लागली असेल तर तीच चालवणार.

लहान गावांत पबचं स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होतं. घरगुती बी-अँड-बी, म्हणजे राहणं आणि सकाळचा नाश्ता देणारं घर, असेल तर मालकांना पोचायची वेळ आधी कळवा. कित्येक ठिकाणी स्वागताला चोवीस तास माणूस नसतो. शहर सोडतानाच सुपरमार्केटमध्ये थांबून दूध, ब्रेड, फळं, पाणी घेऊन ठेवायचं. घरून चिवडा, थालीपीठं, चटण्या नेता येतात. पेढे, बर्फी, तूप मात्र नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. शाकाहाऱ्यांना पबमध्ये डाळीचं किंवा भाज्यांचं सूप, भाजलेला बटाटा, मॅकरोनी चीज बहुधा मिळतं. व्हिस्कीचा पहिला घोट घ्यायचा तो गाडीची चावी टेबलावर ठेवूनच. मद्य पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडहून कमी आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम.

हे सगळं उन्हाळ्याचं झालं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. डिसेंबरात एडिनबराला सूर्य चारच्या आधीच मावळतो. अडीचला गाडी हातात आली तर तासाभरात अंधार, त्यात पाऊस किंवा बर्फ, त्यात हरणं. तेव्हा पहिल्या दिवशी गाडी नाही म्हणजे नाही.

पहिल्या दिवशी जे सोडाल ते दुसऱ्या दिवशी सहज भरून निघतं. भारतातल्या घड्याळामुळे पहाटे चारलाच टक्क जाग येते. जूनमध्ये सूर्यही साडेचारला उगवलेला असतो. नाश्ता आदल्या रात्री मागून डब्यात घ्या, टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. पेट्रोल आपल्या हातानेच भरायचं असतं, हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण डोंगरात रेंज जाते. सहाला स्टर्लिंगहून निघालात तर साधारण आठच्या सुमाराला ग्लेन्कोत असाल. टुरिस्ट बस यायच्या आधी तिथल्या गाडीतळावर जागाही मिळते.